दिसणारा सांधा व धरणारा सांधा

एखादें काम वरून सुबक दिसत असून आंतून कच्चें असेल, आणि तें कच्चें आहे हें करणाऱ्याला स्वतःलाहि ठाऊक नसेल, तर त्याचा दोष कोणाच्या माथीं यावा? प्रश्न जुना आहे. भिंत रचणारा गवंडी, गाडीच्या चाकाला धांव चढविणारा लोहार, धान्य मापून देणारा मापारी, या सर्वांना तो पूर्वींपासून लागू आहे. परंतु अलीकडे खेडोपाडीं एक यंत्र येऊं लागलें आहे, आणि त्यानें हा प्रश्न इतक्या तीक्ष्णपणें पुढें मांडिला आहे कीं, त्या यंत्राच्याच आधारें त्याचा विचार करावा असें आम्हांस वाटतें. लोखंड सांधण्याचें 'मिग' यंत्र तें हें. कारखान्यांतील कामगार त्याला बहुधा 'सीओटू' म्हणतात. भोसरी, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींतून नवें यंत्र आलें म्हणजे जुनें विकलें जातें, आणि व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत तें ट्रॉल्या, नांगर व दारें दुरुस्त करणाऱ्या एखाद्या रस्त्याकडच्या शेडींत येऊन पोहोंचतें. आपल्या वाचकांच्या घरचे कित्येक तरुण अशा शेडींत काम करितात, व कांहींनीं कर्ज काढून स्वतःची शेड घातली आहे. म्हणून हा विषय कोणास परका वाटूं नये.

रॉडचें वेल्डिंग बहुतेकांनीं पाहिलें असेल. त्यांत हातभर लांबीचा रॉड जळत जाऊन सांध्यांत उतरतो, व त्याच्यावरील लेपाचा धूर वितळलेल्या लोखंडाला हवेपासून राखतो. मिग यंत्रांत रॉड नाहीं. एका रिळावर गुंडाळलेली बारीक तार मोटारीच्या योगानें लांब नळींतून पुढें सरकत येते. टॉर्चचा घोडा दाबला कीं, तार, वीज व वायु हीं तिन्ही एकदम बाहेर येतात. तारेच्या टोंकाशीं ज्योत पेटते, तीच तार वितळून सांध्यांत भरते, आणि भोंवतीं सोडलेला वायु हवेंतील प्राणवायु व नत्रवायु यांना दूर ठेवितो. ही युक्ति इ. स. १९४८ मध्यें अमेरिकेंतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संस्थेंत एअर रिडक्शन कंपनीच्या साह्यानें सिद्ध झाली. आरंभीं ती मुख्यतः ॲल्युमिनियमसाठीं होती, व तिच्यांत आर्गॉनसारखा निष्क्रिय वायु वापरीत. 'मिग' या नांवाचा अर्थच 'धातु व निष्क्रिय वायु' असा आहे. पुढें १९५३ च्या सुमारास स्वस्त असा कार्बन डायऑक्साइड वापरणें सुरू झालें, आणि तेव्हांपासून साधें लोखंड सांधणारा मनुष्य हें यंत्र घेऊं शकला. गंमत ही कीं, कार्बन डायऑक्साइड निष्क्रिय मुळींच नव्हे. ज्योतीच्या उष्णतेनें तो फुटतो व त्यांतून प्राणवायु सुटतो. त्याला आवरण्याकरितां तारेंत मँगॅनीज व सिलिकॉन मुद्दाम घातलेलीं असतात. नांव एक व वागणूक दुसरी, असा हा प्रकार यंत्राच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

आतां जुनें यंत्र विकत घेण्याकडे वळूं. विकणारा म्हणतो, "जुनें आहे, पाहून घ्या." या चार शब्दांनीं त्याची जबाबदारी किती संपते? आमच्या मतें, जेवढी झीज पाहणाऱ्याला दिसूं शकते तेवढ्यापुरतीच संपते. टॉर्चच्या टोंकाची तांब्याची टिप झिजून तिचें भोंक लांबट झालें असेल, केबलचें रबर फाटलें असेल, चाक मोडलें असेल, तर तें घेणाऱ्यानें पाहावें. त्याबद्दल किंमत आधींच उतरलेली आहे. परंतु समजा, आंतील ट्रान्सफॉर्मर एकदां जळाला होता व तो कसाबसा गुंडाळून घेतला आहे. यंत्र पंधरा मिनिटें झकास चालतें आणि मग तापून बंद पडतें. विकणाऱ्याला हें ठाऊक आहे. तो दोन इंच सांधा करून दाखवितो व पैसे मोजून घेतो. येथें 'जुनें' हा शब्द खरा असूनहि तो खोटें सांगण्याच्या कामीं लाविला गेला. खरा शब्द खोट्या कामीं लावणें हें उघड खोटें बोलण्याहून हलकें पाप आहे असें पुष्कळांस वाटतें, पण तें कां, हें आम्हांला कोणी अद्याप समजावून दिलेलें नाहीं.

घेणाऱ्यानें अर्थातच डोळे उघडे ठेवावे. यंत्राच्या पाठीवरील पट्टी वाचावी. तिच्यावर अमुक अँपियरला ६० टक्के असें लिहिलेलें असलें तर त्याचा अर्थ असा कीं, दहा मिनिटांत सहा मिनिटें त्या प्रवाहावर काम करावें व चार मिनिटें विसांवा द्यावा. म्हणून जाड पट्टीवर अर्धा तास काम करून पाहावें. पंखा फिरतो कीं नाहीं, आंतून जळक्या वॉर्निशचा वास येतो काय, ग्राइंडरची लोखंडी धूळ आंत सांचली आहे काय, हें पाहावें. पट्टी खरवडलेली अथवा रंगानें झांकलेली असली तर तेथूनच परत फिरावें.

याच्या उलट बाजूहि आहे, व ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. नवरा वारल्यावर शेड बंद पडली. बाईला यंत्राचें मोल कळत नाहीं. भंगारवाला आंतील तांब्याचा अंदाज करून वजनावर किंमत सांगतो. अशा वेळीं आपला तरुण तेथें गेला आणि त्यानें भंगाराच्या भावाहून शंभर रुपये अधिक देऊन चालू यंत्र उचललें, तर घरीं येऊन तो 'सौदा साधला' असें सांगतो. विकणाऱ्यानें लपविलेला दोष जर फसवणूक, तर घेणाऱ्यानें लपविलेला गुण कोण? बाईला खरी किंमत सांगून मग घासाघीस करण्यास कोणाची हरकत नाहीं.

यंत्र घरीं आलें म्हणजे तें उभें करण्यास चार दिवस लागले तरी लागूं द्यावे. पुष्कळ जुन्या यंत्रांना ४१५ व्होल्टची थ्री-फेज वीज लागते. गांवांत ती शेतीच्या पंपासाठीं पाळीपाळीनें, कित्येकदां रात्रीं, येते. त्या तारेवरून यंत्र चालविण्याचा मोह होतो. परंतु शेतीच्या जोडणीवर धंदा चालविणें हें २००३ च्या वीज कायद्याप्रमाणें अनधिकृत वापर ठरतें, आणि गांवांतील चार पंप खालीं बसले म्हणजे शेजाऱ्यांचें पाणी तुटतें तें निराळेंच. जोडणी धंद्याचीच घ्यावी व यंत्राच्या पत्र्याला जमिनीची तार नीट जोडावी. झांकण उघडून धूळ काढावयाची असेल तर वीज तोडल्यावरहि कांहीं वेळ थांबावें, कारण आंतील कपॅसिटरमध्यें भार शिल्लक राहतो.

मग तारेचा मार्ग पाहावा, कारण या यंत्राच्या दुखण्यांपैकीं पुष्कळ तेथेंच असतात. तार ओढणाऱ्या रोलरची खांच तारेच्या जाडीचीच हवी, ०.८ मिलिमीटरच्या तारेला १.२ ची खांच असली तर तार घसरते. रोलर अति आंवळला तर तार चपटी होऊन टिपमध्यें अडकते, अति सैल ठेविला तर ती थांबत थांबत येते. टॉर्चमधून येणारी तार लांकडाच्या तुकड्यावर तिरपी टेंकवून पाहावी. ती न घसरतां वांकून पुढें येत राहिली म्हणजे दाब पुरे. नळींतील लायनर मळानें भरलें असेल तर दाबाच्या हवेनें फुंकावें, मुरगळलें असेल तर नवें घालावें. टिप नेहमीं नवीच घालावी, कारण तिची किंमत सर्वांत कमी व तिनें दिलेला त्रास सर्वांत अधिक. भरीव तार व वायु वापरतांना टॉर्च धन टोंकाला जोडतात. आंत मसाला भरलेली व वायुशिवाय चालणारी जी तार मिळते तिला बहुधा याच्या उलट जोडणी लागते. विकत घेतलेल्या यंत्रावर पूर्वीच्या मालकानें काय जोडून ठेविलें होतें हें न पाहतां काम सुरू केलें तर सबंध आठवडा तारेला शिव्या देण्यांत जातो.

अर्थचा चिमटा गंजलेल्या अथवा रंगविलेल्या जागीं लावूं नये. ग्राइंडरनें चकाकी येईपर्यंत घांसून मग लावावा. वायूचा प्रवाह मिनिटाला सुमारें १० ते १५ लिटर ठेवावा. उघड्यावर वारा सुटला कीं तो वायु उडून जातो आणि सांध्याला फुटाण्याच्या लाहीसारखीं भोंकें पडतात. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याची आणखी एक खोड आहे. आंत तो बराचसा द्रवरूप असतो, आणि द्रव शिल्लक आहे तोंपर्यंत दाबाचा कांटा जवळजवळ एकाच जागीं राहतो. बाटला भरलेला आहे कीं संपत आला आहे हें कांटा सांगत नाहीं, तराजू सांगतो. बाटला उभा करून सांखळीनें बांधलेला असावा.

आतां शिकण्याची गोष्ट. दोन बटणांचा मेळ घालावयाचा असतो: एक व्होल्टेजचें व दुसरें तारेच्या वेगाचें. वेग वाढविला कीं प्रवाह वाढतो. व्होल्टेज वाढविलें कीं ज्योत लांब होऊन सांधा पसरतो. मेळ बसला म्हणजे भजीं तळतांना कढईंतून येतो तसा एकसारखा तडतडाट येतो. तार वेगानें येऊन लोखंडाला ठोसे देऊं लागली तर वेग कमी करावा; टोंकाशीं मोठे गोळे होऊन टपटप पडूं लागले तर वेग वाढवावा, किंवा व्होल्टेज उतरवावें. तार टिपच्या बाहेर १० ते १२ मिलिमीटर असावी, टॉर्च थोडासा कलता धरावा, आणि हात चालत असतां डोळे ज्योतीवर न ठेवितां वितळलेल्या डबक्याच्या पुढच्या कडेवर ठेवावे. इतकें समजलेला हुशार मुलगा एका दुपारींत असा सुबक सांधा काढतो कीं, रॉडवर दोन वर्षें घालविलेल्या कारागिराला त्याचा हेवा वाटावा.

येथेंच खरें संकट आहे. रॉडचा कच्चा हात लपत नाहीं. रॉड चिकटतो, मळी आंत अडकते, सांधा वेडावांकडा होतो, आणि गिऱ्हाईक हंसतें. मिग यंत्र कच्च्या हाताला झांकतें. तार स्वतःच्या ज्योतीनें वितळते व पुढें पसरते. खालचें जाड लोखंड वितळलें असो वा नसो, वर सांधा तयार होतोच. जाड पट्टीवर प्रवाह कमी ठेविला, किंवा गंज व कारखान्याची काळी साल घांसून काढली नाहीं, तर दगडावर सांडलेल्या मेणासारखा तो सांधा नुसता चिकटून राहतो. त्याच्यावर एकसारख्या लहरी असतात, कडा सरळ असतात, आणि आंत कांहीं नसतें. मग ग्राइंडर फिरवून तो सपाट करितात, लांबी भरितात, रंग देतात. आतां देव जाणे आणि तो सांधा जाणे.

परंतु तें कळण्याचा एक उपाय आहे, आणि त्याला एक हातोडा पुरतो. पांच-सहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या घेऊन एक दुसरीवर उभी ठेवावी व एकाच बाजूनें सांधावी. थंड झाल्यावर उभ्या पट्टीला सांधा नसलेल्या बाजूनें हातोडा मारून सांध्याकडे पाडावें. पट्टी वांकली, किंवा सांध्याचीच धातु मधोमध फाटली, तर सांधा खरा. आणि तो सालीसारखा सोलून निघाला, व त्याच्या खालीं आपण आधीं मारलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा दिसल्या, तर सांधा कधींच झाला नव्हता. त्या रेघा ज्यानें एकदां पाहिल्या त्याला पुढें कोणी व्याख्यान देण्याची गरज पडत नाहीं.

म्हणून आरंभींच्या प्रश्नाला आमचें उत्तर असें आहे. न कळणें निराळें व कळूं न देणें निराळें. ज्या अज्ञानाला दूर करण्यास दहा मिनिटें, दोन तुकडे व एक हातोडा पुरतो, तें अज्ञान राखून ठेवणाऱ्यानें 'मला ठाऊक नव्हतें' असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. त्याला ठाऊक नव्हतें हें खरें. पण ठाऊक होऊं नये अशी त्याची इच्छा होती हेंहि खरें.

यावर शिकणारा तरुण जें म्हणतो तें हलकें लेखूं नये. तो म्हणतो, "कर्जाचा हप्ता महिन्याला येतो. तार विकत, वायु विकत, वीज विकत. मी रोज पट्ट्या सांधून फोडीत बसलों तर घरीं काय नेऊं? आणि माझा उस्ताद तरी कोणाच्या मालावर शिकला?" उस्ताद गिऱ्हाइकाच्या मालावर शिकला हें बहुधा खरें असतें, व त्यांत कोणाचें काय मोडलें याचा हिशेब कोणीं ठेवलेला नसतो. पण पैशाची अडचण खरी आहे. भंगाराच्या दुकानांतून किलोच्या भावानें तुकडे मिळतात, आणि एकच तुकडा चारी कडांनीं वापरतां येतो. तरीहि खर्च आहेच. म्हणून आम्ही असें म्हणणार नाहीं कीं पूर्ण शिकेपर्यंत एकहि पैसा घेऊं नये. खिडकीची जाळी, कोंबड्यांचा खुराडा, फुलझाडांची कुंडी ठेवण्याची चौकट, हीं कामें त्यानें घ्यावीं. सांधा सुटला तर जाळी लोंबेल, मनुष्य मरणार नाहीं. ट्रॉलीचा दांडा, पाण्याच्या टाकीचें उभें पाय, विहिरींत उतरण्याची शिडी, हीं त्यानें नाकारावीं.

परंतु ही वांटणी वाटते तितकी सोपी नाहीं. नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रांत 'अलेक्झांडर कीलंड' नांवाचा पांच पायांचा तरंगता लोखंडी तळ होता. तेलाच्या विहिरींवर काम करणाऱ्यांची त्यावर राहण्याची सोय होती. २७ मार्च १९८० रोजीं तो वादळांत उलटला, आणि त्यावरील २१२ माणसांपैकीं १२३ मरण पावलीं. चौकशींत असें निघालें कीं, पाण्यांतील आवाज टिपणारें एक लहानसें उपकरण बसविण्याकरितां एका मोठ्या नळकांड्याला एक बैठक सांधलेली होती. तिचा ६ मिलिमीटरचा सांधा वाईट होता, तेथून चीर निघाली, ती वाढत जाऊन तें नळकांडें तुटलें, मग त्या पायाचीं उरलेलीं पांच नळकांडीं भार न सोसून तुटलीं, व पाय गळून पडला. त्या चिरेंत रंग सांपडला. म्हणजे चीर समुद्रावर पडली नव्हती. रंग देण्याच्या वेळींच ती तेथें होती. तेव्हां काम लहान कीं मोठें हें तुकडा केवढा आहे यावरून ठरत नाहीं. तो कशाला चिकटला आहे यावरून ठरतें. ट्रॉलीच्या दांड्यावर पाण्याची कळशी अडकविण्यासाठीं कोणी एक आंकडा लावून मागितला, तर तें दांड्याचेंच काम समजावें.

दुसरा आक्षेप असा कीं, गिऱ्हाइकाला सर्व सांगून टाकलें म्हणजे झालें. "मी शिकाऊ आहें, स्वस्तांत करून देतों, जबाबदारी तुझी." हें प्रामाणिक बोलणें आहे, आणि जाळीच्या बाबतींत तें पुरेंहि आहे. परंतु दर वर्षीं पाऊस सरल्यावर बीड जिल्ह्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. बिऱ्हाड, शेळ्या व मुलें ट्रॉलींत घालून तीं जातात. दांड्याविषयींचें बोलणें ट्रॉलीचा मालक व वेल्डर यांच्यांत झालें. वर बसलेल्या बाईला तें कोणीं सांगितलें? तिनें स्वस्ताईंत वांटा घेतला नाहीं व धोक्यास संमति दिली नाहीं. जो धोका दोघांनीं मिळून तिसऱ्याच्या माथीं ठेविला, त्याला त्या दोघांची कबुली पुरत नाहीं.

शेडींतल्या तिसऱ्या माणसाविषयींहि दोन शब्द. वेल्डर स्वतः १० ते १२ नंबरची कांच तोंडावर धरितो. पट्टी धरून उभा असलेला पोऱ्या मान वळवून डोळे मिटतो. त्याच्या डोळ्यांना त्या क्षणीं कांहीं होत नाहीं. रात्रीं वाळू गेल्यासारखी आग होते व तो रडतो. जस्ती पत्रा न घांसतां सांधला तर संध्याकाळीं दोघांनाहि हींव भरून ताप येतो. पोऱ्याला दुसरी कांच घेऊन देण्यास फार पैसे पडत नाहींत, आणि ती घेतलेली आम्हीं फार थोड्या ठिकाणीं पाहिली आहे.

शेवटीं दांड्याचेंच काम घेऊं, कारण हंगामांत तें रोज येतें. शिकलेला, हातोड्यानें आपला हात तपासलेला वेल्डर आहे. उसानें भरलेली ट्रॉली शेडीसमोर उभी राहते. जुन्या सांध्याला बोटभर चीर गेली आहे. मालक म्हणतो, "वरून एक टाका मार, कारखान्यावर पाळी लागली आहे." चिरेवरून टाका मारला तर चीर झांकते, मिटत नाहीं, ती खालून चालत राहते. नीट करावयाचें तर ट्रॉली रिकामी करावी, चिरेच्या बुडापर्यंत लोखंड कापून काढावें, चकाकी आणावी, प्रवाह चढवून दोन-तीन थरांनीं भरावें, व बाजूला एक पट्टी जोड द्यावी. यांत अर्धा दिवस जातो. तेवढ्या वेळांत पाळी निघून जाते, ऊस वाळतो, वजन घटतें, आणि मालक पलीकडच्या शेडींत जातो, जेथें वरून टाका मिळतो. वेल्डरनें नाहीं म्हटलें याची किंमत त्या दिवशीं तोच एकटा भरितो.